टक वाजेपर्यंत

शेषराव इंगळेंनी कसलेला नट दुसऱ्या कोणाला खुलत नसे. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं त्यांनी बसची चाकं काढली-बसवली. पान्याला हातभर पाइप अडकवायचा, वर उभं राहायचं आणि कसायचं, ही त्यांची रीत. निवृत्तीनंतरही ती सुटली नाही. अकोल्यात कौलखेडला त्यांचं घर. त्या घरात त्यांनी बंद केलेला नळ उघडायला त्यांची बायको मनकर्णाबाई शेजारणीला हाक मारत, आणि मग दोघी फडकं गुंडाळून तो पिळत बसत.

"एक दिवस हा नळ भिंतीसकट हातात येईन," मनकर्णाबाई म्हणायच्या.

"ढिल्लं राह्यलं का गाडी पडते," शेषरावांचं उत्तर ठरलेलं.

एका सकाळी त्यांच्या फाटकासमोर दातांच्या डॉक्टरीणबाई गीतांजलीताईंच्या सायकलची चेन अडकली. शेषराव धावले. सायकल उलटी करायची म्हणून कंबरेत वाकून, दोन्ही हातांनी, पुरता जोर लावून उचलली, तर ती थेट डोक्यावर गेली आणि ते मागच्या मागे पडता पडता वाचले.

"ताई, याच्यातलं सामान कुठी पडलं?"

"काही नाही पडलं काका. कार्बनची आहे, एवढीच हलकी असते."

मग त्यांनी किंमत विचारली. ऐकल्यावर सायकल जमिनीवर अशी ठेवली, की निजलेलं लेकरूही जागं झालं नसतं.

त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष लागेना. जन्मभर लोखंड उचललं आणि असलं काही जगात आहे हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही! ते फोनमध्ये शोधत बसले. चीनमधून तसलाच सांगाडा बिननावाचा, पुष्कळ स्वस्तात मिळतो, लोक चाकं एकीकडून, गिअर दुसरीकडून मागवतात आणि घरीच जोडतात, असं कळलं. जोडायचंच ना? मग चौतीस वर्षं आपण काय गवत उपटत होतो?

चीनमधल्या कारखान्यात लिन नावाची बाई होती. ती इंग्रजीत लिहायची. शेषरावांचं इंग्रजी इंजिनाच्या नंबरापुरतं, म्हणून फोनच त्याचं मराठी करून द्यायचा. एका दुपारी तो फोन मनकर्णाबाईंच्या हाती लागला. त्यावर लिहिलं होतं : 'प्रिय मित्रा, तुमचा काटा सरळ आहे. कंस कोणता पाठवू? मागचा शाळा सोडलेला एकशे बेचाळीस मिलिमीटर आहे.'

"अवो, हा शाळा सोडलेला कोण? आन् कंसाले काहून बोलावून राह्यले घरी?"

पुढचं चाक धरतो तो 'फोर्क' म्हणजे काटा, पायडल ज्याच्यावर फिरतं ते 'ब्रॅकेट' म्हणजे कंस, आणि मागचं चाक जिथं बसतं ती 'ड्रॉपआउट' नावाची खाच म्हणजे शाळा सोडलेला, असं शेषरावांनी समजावून सांगितलं.

"आन् प्रिय मित्रा?"

"ते साऱ्यायलेच म्हणते ती."

"पाहू द्या." मनकर्णाबाईंनी चष्मा लावून वरचे सगळे निरोप वाचून काढले. सगळीकडे नटबोल्टच. त्यांची थोडी निराशाच झाली.

दोन महिन्यांनी खोकं आलं. मनकर्णाबाईंनी आतला सांगाडा एका बोटावर तोलून पाहिला आणि पुन्हा खोक्यात डोकावल्या.

"मायी परात याच्याहून भारी हाये. फसवलं तुमाले."

बाकीचं सामानही एकेक करून आलं आणि पुढच्या खोलीत जोडणी सुरू झाली. प्रत्येक बोल्टाजवळ बारीक अक्षरात पाचाचा आकडा होता. शेषरावांना वाटलं, मालाचा नंबर असेल. हँडल बसवलं, कसलं. आणखी थोडं कसलं. मग सवयीनं वरतून एक शेवटचा झटका दिला. पापड मोडावा तसा आवाज आला आणि हँडलला आडवी चीर गेली.

लिनबाईंचं उत्तर आलं : 'प्रिय मित्रा, दुःख झाले. कृपया बळ वापरू नका. प्रेमाने फिरवा.'

मनकर्णाबाईंनी हे मोठ्यानं तीनदा वाचलं.

त्यांची लेक पौर्णिमा अमरावतीला कॉलेजात फिजिक्स शिकवायची. पुढच्याच रविवारी ती एक वेगळाच पाना घेऊन आली. "बाबा, बोल्टाजवळचा तो पाच म्हणजे जोराचा आकडा. हा पाना पाचावर लावायचा. तेवढा जोर झाला की तो टक वाजते. टक वाजलं का थांबायचं."

"आन् मंग जराकसं..."

"नाई. तिथंच थांबायचं."

पौर्णिमा परत गेली आणि दुसरं हँडल आलं. शेषरावांनी पाना लावला. टक वाजलं. ते थांबले. बोल्टाकडे बघितलं, पान्याकडे बघितलं. पाच किलो कांद्याएवढाही जोर लागला नव्हता! ही काय कसण्याची तऱ्हा झाली? काल बाजारात आलेला पाना आपल्या हाताला शिकवणार? त्यांनी अर्धा फेरा आणखी दिला.

पापड पुन्हा मोडला.

मनकर्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "सरका."

"तुले काय समजते त्यातलं?"

"काईच नाई समजत. म्हणूनच टक वाजलं का थांबीन."

तिसरं हँडल आलं, ते मनकर्णाबाईंनी बसवलं. टक वाजलं, त्यांनी पाना खाली ठेवला. विषय संपला. पुढचे आठ दिवस दुपारची भांडी झाली की त्या सायकलपाशी बसत. कुठली वस्तू कुठं जाते ते शेषरावांनी सांगायचं, कसायचं त्यांनी. "तो नाई, लहान द्या," त्या म्हणत, आणि चौतीस वर्षांचा मिस्त्री मुकाट्यानं लहान पाना हातात देई. सायकल उभी राहिली, काळीभोर, बिननावाची.

महिनाभर सवय केल्यावर शेषरावांनी जाहीर केलं, की पौर्णिमाकडे अमरावतीला सायकलनं जायचं. मनकर्णाबाई डबा घेऊन मागून एसटीनं येणार होत्या. निघायच्या पहाटे शेषरावांना सीट दोन बोटं खाली वाटली. मनकर्णाबाई न्हाणीघरात होत्या. त्यांनी स्वतःच सीट वर घेतली आणि पाना घेऊन बोल्ट कसायला हात नेला. पण त्या हातानं दोन हँडलं मोडली होती. तव्याला लागावा तसा तो बोल्टाला लागला आणि टक वाजायच्या आधीच मागे आला.

बोरगाव मंजूपर्यंत वाऱ्यावर गेले. पुढे वाटू लागलं, रस्ता चढाचा आहे. मग गुडघे पोटाला लागू लागले, तेव्हा उमगलं की सीट खाली चालली आहे. पाना तर मनकर्णाबाईंच्या डब्याच्या पिशवीत. एक ट्रॅक्टरवाला शेजारून जाताना ओरडला, "काका, नातवाची सायकल घेऊन कुठी निघाले?" मूर्तिजापूरच्या स्टँडवर शेषराव पोचले तेव्हा गुडघे कानाशी आले होते.

थोड्या वेळानं बस आली. मनकर्णाबाई खिडकीतून बघून खाली उतरल्या.

"काय झालं?"

"सीट जराशी बसली."

"कसली कोणं होती?"

"म्या."

"टक वाजलं होतं?"

शेषरावांनी इकडंतिकडं पाहिलं. "भेव वाटला वं."

मनकर्णाबाई हसल्या नाहीत. या माणसाला कशाचं तरी भय वाटलेलं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. हसण्याचं काम बसमधल्या लोकांनी केलं. कंडक्टर जुन्या ओळखीचा होता. तो दारातून म्हणाला, "इंगळे साहेब, तुमी कसलेली चाकं आजबी निघत नाई!"

मनकर्णाबाईंनी डब्याखालून पाना काढला आणि पदर खोचून खाली बसल्या. "धरा सीट." टक वाजलं. त्या उठल्या.

खिडकीतून एक म्हातारा बोलला, "बाई, आणखी थोडं कसा. रस्ता खराब हाये."

"नाई!" शेषराव एवढ्या जोरानं खेकसले, की स्टँडवरचं कुत्रं उठून उभं राहिलं. "टक वाजलं का थांबायचं!"

दुपारी दोनला ते अमरावतीत पौर्णिमाच्या इमारतीखाली पोचले. मनकर्णाबाई जेवून, एक झोप काढून खाली आल्या होत्या. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. उतरल्याबरोबर शेषरावांच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. सायकल मनकर्णाबाईंनी एका हातानं वर नेली. शेषरावांना न्यायला दोघी मायलेकी लागल्या, आणि मधे दोनदा विसावा घ्यावा लागला.

परतीला उद्या निघायचं होतं. ते मग परवावर गेलं, आणि परवाचं रविवारवर.