क्लच कुणी जाळला

ट्रॅक्टर बंद पडला तेव्हा मी त्याला दोन लाथा घातल्या. मग सासऱ्यांची नजर चुकवून टायरला हात लावून पाया पडले. राग माझा असला तरी गरज ट्रॅक्टरची होती.

पासलीच्या डोंगरात आमची भाताची खाचरं. इतकी अरुंद की मोठा ट्रॅक्टर तिथं वळतच नाही. म्हणून बैलजोडी विकून हा लहानसा, दुसऱ्याच्या हातचा जुना ट्रॅक्टर घेतलेला. नवरा शिरवळच्या कारखान्यात, त्यामुळे चालवायचो आम्ही दोघंच, मी आणि माझे सासरे, म्हणजे मामंजी. त्या सोमवारी मामंजी लावणीआधी खाचरातली माती चिखलवत होते, म्हणजे चिखलणी करत होते आणि एकाएकी इंजिन नुसतं ओरडायला लागलं. चाकं जागची हलेनात. क्लच गेला होता.

गुरुवारी आमची सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्या वस्तीनं मिळून एकाच्या शेतात लावणी करायची, उद्या दुसऱ्याच्या. पाळी चुकली की नंबर थेट शेवटी. तोवर तरवा, म्हणजे लावायची भाताची रोपं, जून होतो आणि वर्षाचं भात हातचं जातं. आमच्या चार खाचरांची चिखलणी बाकी होती, आणि त्या दिवसांत कुणाचे बैल मागायची सोय नव्हती.

क्लच का गेला हे मला ठाऊक होतं. मामंजींनी चाळीस वर्षं बैलांमागं चिखलावर फळी फिरवलेली. फळीवर पाय दाबून उभं राहायचं, की चिखल सपाट होतो. ट्रॅक्टरवर बसले तरी त्यांचा डावा पाय खाली काहीतरी दाबतच असायचा, आणि तिथं असायचा क्लच. दिवसभर अर्धवट दाबलेला क्लच जळणार नाही तर काय! पण सासऱ्यांना हे तोंडावर सांगणार कसं? माझी जीभ तशी तिखट, पण तिथं ती वळेना.

माझे वडील कामथडीला हायवेच्या कडेला ट्रकची कामं करायचे. ते गेले, पण त्यांचं काम मी डोळ्यांनी पुरतं पाहून ठेवलं होतं. क्लच काढायचा म्हणजे ट्रॅक्टर मधोमध फोडायचा, इंजिन एकीकडं आणि मागची चाकं एकीकडं. रिकाम्या गोठ्यात आम्ही तो लोटत नेला. मागचा अर्धा भाग ठोकळ्यांवर घेतला. पुढच्या धुऱ्याला दोन्हीकडून पाचरी ठोकल्या, इंजिनखाली फळी आणि फळीखाली पाइपाचे दोन तुकडे सरकवले. एक बोल्ट गंजून असा बसलेला की पान्याला पाइप लावून मामंजी त्याला अक्षरशः लोंबकळले. तो सुटला तेव्हा दोघंही खाली आदळलो. संध्याकाळी ट्रॅक्टरचे दोन तुकडे गोठ्यात उभे होते. फोडला खरा, पण आता जोडणार कोण?

मंगळवारी मामंजींना घेऊन एसटीनं भोर गाठलं. तिथले मिस्त्री वडिलांचे जुने दोस्त, मी त्यांना चाचा म्हणायची. त्यांनी प्लेट उलटसुलट केली.

"हिच्यावर पाय ठिवून कोन बसलं हुतं गं?"

मामंजी शेजारीच उभे होते.

"मी," मी म्हटलं.

"आन् तू मिस्त्रीची पोरगी!" चाचा मोठ्यानं हसले. बाकावर बसलेलं गिऱ्हाईकही हसलं, आणि ते नेमकं आमच्याच वस्तीतलं निघालं. मामंजी भिंतीकडं बघत राहिले.

चाचांनी प्लेटला नवीन लायनिंग मारून दिलं, पण यायला जमणार नव्हतं. "दारात सात गाड्या हायेत. तुला येतंय की! फकस्त प्लेट मधोमध बसव, आन् जोडताना दोन तुकड्यांत फट राहिली तर बोल्टनं ओढू नगंस. बाहेरचं हाऊसिंग तडकंल."

प्लेट मधोमध धरायला हत्यार लागतं, ते आमच्याकडं कुठलं? मामंजींनी जुन्या जुवाची बाभळीची खुंटी काढली आणि वाकसानं तासत तासत भोकाच्या मापाची केली. प्लेट अचूक बसली. मग बुधवारी सकाळी इंजिन मागं ढकलायला घेतलं. ढकललं, ढकललं, आणि दोन बोटं फट राहिली. दुपारपर्यंत ती तेवढीच. मी पाना भिरकावला. जाईना का तडकून, असं म्हणत बोल्ट लावायला घेतले.

"थांब," मामंजी म्हणाले. "बैलगाडीच्या कण्यावर चाक चढवताना आमी नुसतं ढकलत न्हाई, जरा फिरवतो."

त्यांनी पुढं जाऊन पुलीच्या नटाला पाना लावला आणि इंजिन अगदी इवलंसं फिरवलं. मी खांदा लावून ढकलत होते. आणखी इवलंसं. खट् झालं, आतले दाते जुळले आणि फट मिटली! मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली.

गुरुवारी सावडीची माणसं आली तेव्हा मी पदर खोचून पहिल्या खाचरात होते. क्लच सोडला की ट्रॅक्टर उचल खायचा. पुढं माझी चिखलणी, मागं त्यांची लावणी. जेवायच्या आत चारही खाचरं चिखलून मी बांधाला लागले. तेवढ्यात भोरात भेटलेला तो गडी ओरडला, "सूनबाई, आता तरी क्लचवरला पाय काडा!" सगळी वस्ती खदखदून हसली.

तरव्याच्या मुठी वाटणारे मामंजी ताठ उभे राहिले.

"क्लच तिनं न्हाई, म्या जाळला," ते म्हणाले. "भोरात माझी चूक तिनं अंगावर घेतली आन् म्या गप बसलो. ट्रॅक्टर फोडला तिनं, जोडला तिनं. आता हसा माझ्याकडं बगून."

हसलं कुणीच नाही. मी मात्र ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या हसत होते आणि रडतही होते, आणि ते सगळ्यांना दिसत होतं तरी मला कसलीही लाज वाटत नव्हती.