चंद्रभानचा हौद आणि भुरी

देवळीच्या बाजारात चंद्रभानपुढची मेथीची जुडी तुम्ही दहा वेळा उलटीपालटी केली तरी तो रागावत नसे. जुडीतली अळी बोटाने चिरडलीत, तर मात्र तो जुडीच काढून घेई. गिऱ्हाईक गेलं तर गेलं. घरात महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला, त्यामुळे मांस-मच्छी नाही, की कोणत्या जिवाला मारणं नाही. पाणी गाळून प्यायचं आणि फडक्याला चिकटलेले किडे फडकं उलटं करून परत पाण्यात सोडायचे, हे त्याला आईने शिकवलं होतं. साठी आली तरी माणूस ते इमानाने करत होता. असली माणसं आता शोधून सापडत नाहीत, आणि सापडली की त्यांच्याशी वाद घालायची सोय नसते.

गावाच्या कडेला त्याची दीड एकराची वाडी. तिच्यात विहिरीचं पाणी साठवायला सिमेंटचा हौद. पालेभाजी त्यातच धुवायची, प्यायचं पाणीही त्यातलंच. दोन वर्षांपूर्वी गावातली आशा सेविका छाया बरणीत बोटाएवढे गप्पी मासे घेऊन आली होती. हौदात वळवळताहेत ती मच्छरांची पिल्लं आहेत, हे मासे ती खाऊन टाकतील, असं तिने समजावून सांगितलं. चंद्रभानने तिला चहा पाजला आणि बरणी तिच्या हातात परत दिली.

"माह्या हौदात एका जिवानं दुसऱ्या जिवाले खाल्लं, त पाप कोनाले लागन, बाई? मलेच ना?"

छाया हसली आणि निघून गेली. चंद्रभानला आपण बरं केलं असंच वाटलं.

वाडीची खरी मालकीण म्हणजे भुरी कुत्री. वांदरांची टोळी बांधावर दिसली रे दिसली की ही बाण सुटल्यागत धावे आणि टोळी पार नाल्यापलीकडे पोचवून येई. तिच्यावर चंद्रभानचा जीव. वर्ध्याकडचा उन्हाळा काय चीज आहे ते इकडच्या माणसाला सांगायला नको. भुरीला गारवा मिळावा म्हणून त्याने हौदाला लागूनच, करंजाच्या सावलीत, विटांचं घर बांधून दिलं होतं. गोठ्यात मात्र गाईंसाठी रोज तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याचा धूर व्हायचा. भुरीला एक पोर होती, तांबडी; ती गाईच्या वासराला सोडत नसे, म्हणून गोठ्यातच झोपायची. चंद्रभानची बायको मंदाबाई एकदा म्हणाली होती की भुरीलाही आत घ्या, बाहेर मच्छर लय आहेत. त्यावर हा म्हणाला, कुत्र्याले काय मलेरिया होते?

दिवाळीनंतर भुरी खोकायला लागली. चंद्रभानने अडुळशाचा काढा पाजला. ती धावता धावता मध्येच बसू लागली, तेव्हा तिला म्हातारी म्हणून चिडवलं. सहा वर्षांची कुत्री म्हातारी कशी होईल, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मग एका सकाळी वांदरांमागे धावताना ती वांग्यांच्या सरीतच कोसळली. जीभ निळसर पडली होती. भाजीच्या ऑटोत पोत्यावर घालून त्याने तिला देवळीला नेलं.

जनावरांच्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी तिची छाती तपासली, रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि बराच वेळ सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत पाहिलं. मग त्यांनी चंद्रभानला पुढे बोलावलं. तो वाकला, डोळा लावला, आणि झटक्याने मागे सरला. रक्तात किडे होते. जिवंत, वळवळणारे. त्याला वाटलं काच घाण असेल. त्याने पुन्हा पाहिलं. ते तसेच वळवळत होते.

ही पिल्लं आहेत, बाई म्हणाल्या. मोठे किडे दोऱ्यासारखे, वीतभराहून लांब, हृदयात आणि फुप्फुसाच्या नसांत बसले आहेत. दरसाल जंताची गोळी देत होतो, चंद्रभान म्हणाला. ती पोटातल्या जंतांची, बाईंनी सांगितलं. यासाठी वेगळी गोळी असते, रक्त तपासून, वजन पाहून महिन्याच्या महिन्याला द्यायची. ती चालू असती तर हे झालंच नसतं.

"पन हे आत गेले कुठून?"

"मच्छरातून, काका. दुसरा रस्ताच नाही."

चंद्रभान स्टुलावर बसला. करंजाची सावली, विटांचं घर, उलटं करून हौदात झटकलेलं फडकं, सगळं एकदम त्याच्या डोळ्यांपुढे आलं. त्याने आपल्या हाताने ती मच्छरांची पिल्लं जगवली होती आणि आपल्याच हाताने भुरीचं घर त्यांच्यापाशी बांधलं होतं. मोठे किडे मारायचं औषध बाहेरून मागवावं लागणार होतं, तेही जोखमीचं. तोवर भुरीने एक पाऊलही धावायचं नव्हतं.

त्याने तिला गोठ्यात, धुरात, साखळीने बांधलं. चौथ्या दिवशी भरदुपारी वांदरं आली. मंदाबाई वाडीत डबा बडवू लागली. चंद्रभान बांधावर होता. तो वाडी तशीच टाकून गोठ्याकडे पळाला, कारण भुरी काय करणार हे त्याला ठाऊक होतं. तो पोचला तेव्हा साखळी ताठ ओढलेली होती आणि तिच्या टोकाशी, वाडीकडे तोंड करून, भुरी मरून पडली होती. डबा अजून वाजतच होता.

दुसऱ्या दिवशी तो तांबडीला घेऊन देवळीला गेला. रक्त काचेवर घेतलं, पण या वेळी तो दुर्बिणीकडे फिरकलाच नाही. तांबडीचं रक्त साफ निघालं. धुरात झोपली म्हणून वाचली असेल, बाई म्हणाल्या, पण धुरावर विसंबू नका. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं आणि गोळी एक महिनाही चुकवायची नाही.

तिथून तो घरी न जाता छायाच्या दारात उभा राहिला. हातात स्टीलची बादली होती.

"मासे देजो, बाई."

छायाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पापाचं काय, असं ती विचारणार होती, पण तिने नुसतीच बादली हातात घेतली. तोच बोलला.

"जीव जिवाले खातच होता. माह्याच हौदाजवळ खात होता. मले फकस्त दिसत नोता."

आता तांबडीला दर एक तारखेला भाकरीच्या तुकड्यातून गोळी मिळते. हौदात मासे फिरतात. चंद्रभान अजूनही पाणी गाळूनच पितो. फडकं रिकामंच निघतं, तरी तो ते उलटं करायला जातो, आणि हात तिथेच थांबतो.