कडूबाईच्या दुधाला लागलेला बट्टा

आमचे धाकटे दीर संगमेशभाऊजी म्हणजे बसल्या जागी हरवणारा माणूस. भाकरी ताटात, डोकं कॉम्प्युटरात. औरंगाबादला कोर्स करून आले तेव्हा सगळे म्हणायचे, आता हे पुण्याला मोठ्या कंपनीत जाणार. कशाचं काय! गेवराईजवळच्या आमच्या गावातच राहिले अन् गावच्या दूध केंद्रात कॉम्प्युटर बसवला. घरोघर केबल येत होती तवाची ही गोष्ट. मी मुद्दाम बघायला गेलते. दुधाचा नमुना तपासणी यंत्रात घालायचा, जरा वेळानं फॅट पडद्यावर. लई भारी वाटलं.

अन् मग कडूबाईचं दूध पाणीदार निघायला लागलं.

कडूबाई धनगरवस्तीवरची. तिच्या म्हशीच्या दुधात बोट बुडवलं तर बोटाला साय यायची. पण पडद्यावर फॅटचा आकडा कमीच यायचा. चेअरमन विठ्ठलराव म्हणाले, "कॉम्प्युटर कावून खोटं बोलंल? बाई पाणी घालती." दूध परत गेलं. पुन्हा असं झालं तर केंद्राची पायरी चढायची न्हाई, असंही सांगितलं. बाई भांडली न्हाई. दुसऱ्या सकाळी कॅन घेऊन पुन्हा रांगेत उभी! मला तिचा तोरा आवडला अन् भाऊजींचा असा राग आला, की तोंडावरच बोलले.

"भाऊजी, तुमच्या त्या डबड्यापायी गरिबाचं नाव मातीत चाललंय. काहीतरी करा की!"

ते गेले अन् केंद्रात नुसती रांग बघत बसले. कडूबाईच्या पुढं नेहमी तिच्याच वस्तीवरचा बंकट असायचा. पायाला भिंगरी लावलेला माणूस. कॅन ढवळायच्या आधीच नमुना काढू द्यायचा अन् मग ओरडायचा, "थांब बे, ढवळलंच न्हाई!" न ढवळलेल्या दुधाची साय वर राहते, नमुना येतो तळातला पातळ. मग यंत्रावरचा माणूस ती तपासणी रद्द करायचा अन् बंकट ढवळेपर्यंत कडूबाईला पुढं घ्यायचा. ते बघितलं अन् भाऊजी ताडकन उठले.

दुपारी आमच्या पिठाच्या गिरणीत येऊन मला सांगायला लागले. "वहिनी, यंत्राशी बोलायला कंपनीनं सी भाषेतली लायब्ररी, म्हंजे तयार प्रोग्रामांची जुडी, दिलीय. तिला म्हणायचं, तपासणी सुरू कर अन् उत्तर कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या या जागेत टाक. ती उत्तर मागाहून टाकते. त्या लायब्ररीवर मी सी प्लस प्लस भाषेतल्या माझ्या प्रोग्रामचं वेष्टण चढवलं. रद्द म्हटलं की माझं वेष्टण ती जागा मोकळी करून पुढच्याला द्यायचं. लायब्ररीचं काम मात्र आत चालूच! बंकटचं उत्तर कडूबाईच्या जागेत आधी पडायचं अन् पडद्यावर तेच तिच्या नावानं दिसायचं. पीठ पडत असताना एकाचा डबा काढून दुसऱ्याचा लावावा, तसं."

"गिरणीवाल्याच्या घरात जन्मून असं केलंत?" मी म्हणाले. ते हसले बिचारे.

"आता रद्द म्हटलं तरी जागा वेष्टणाच्याच ताब्यात. लायब्ररी 'झालं' किंवा 'थांबवलं' असं कळवंल, तवाच ती सुटणार. पुढच्याला तोवर नवी जागा. कुणी कितीही बटणं दाबू द्या."

गपचूप बदललं असतं तर कुणाला कळलं असतं? पण सकाळी भाऊजींनी सगळ्यांना थांबवून घेतलं. आधी जुना प्रोग्राम. बंकटचा न ढवळलेला नमुना घातला, रद्द केला, लगेच कडूबाईचा घातला. पडद्यावर पातळ दूध. मग नवा प्रोग्राम लावून सगळं तसंच केलं. कडूबाईचा आकडा रांगेत सगळ्यांच्या वर गेला! मी तर टाळीच वाजवली.

"म्हंजे कॉम्प्युटर चुकला तर," विठ्ठलराव हसत म्हणाले. "आन गं कॅन."

कडूबाईनं कॅनवरचा हात काढला न्हाई.

"कॉम्प्युटर मला पाणी घालती म्हणला व्हय?"

भाऊजी पुढं झाले, हात जोडले. "मावशी, प्रोग्राम मी लिहिलाय. चूक माझी." अशा वेळी आपल्या घरच्या माणसाचा काय अभिमान वाटतो, सांगता येत न्हाई.

तिनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, पण नजर विठ्ठलरावांवरच. मागं रांग वाढली, कुणीतरी खाकरलं. बाई उभीच.

"चुकलं माझं, कडूबाई," विठ्ठलराव म्हणाले.

"मग घ्या ओतून," ती म्हणाली.