बाबांनी न पाहिलेलं घरटं

मंडळी, अंदमानची बोटीची सहल ठरवताना मी याच फोरमवर तुम्हाला कितीतरी प्रश्न विचारले होते. हवा कधी चांगली असते, उलटीच्या गोळ्या कुठल्या, जेवण कसं. बोटीतून बेटावर उतरतात कसं, एवढंच विचारायचं राहिलं.

बाबा सत्तरीचे. दर हिवाळ्यात नांदूर-मधमेश्वरला पक्षी बघायला जाणारे. समुद्री गरुडाचं घरटं बघायचं, हे त्यांचं फार जुनं स्वप्न. बेटाजवळ पोचल्यावर कळलं, लटकत्या शिडीवरून छोट्या होडीत उतरायचंय. बाबांचे गुडघे वाकत नाहीत. दोन पायऱ्या उतरून ते परत वर गेले.

"तू जा, नीट बघून ये," म्हणाले.

आज संध्याकाळी शेजारचे काका-काकू आले. त्यांनाही तिथे जायचंय. बाबा त्यांना घरट्याबद्दल सांगत बसले. उंच झाड, मादीने आणलेला मासा, पिल्लाचं ओरडणं. सगळं मीच बाबांना सांगितलेलं. मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले.

काकू म्हणाल्या, "नशीबवान आहात हो."

बाबा नुसते हसले. "बुकिंगच्या आधी उतरायची सोय मात्र विचारून घ्या," म्हणाले.

काका-काकू गेल्यावर बाबांनी मला हळूच विचारलं, "पिल्लू तपकिरीच होतं ना गं?"

मी हो म्हटलं आणि कप उचलून आत गेले.

बेटाच्या धक्क्याला लागणारी बोट कुणाला माहीत आहे का? बाबा आता नको म्हणतात. तरी मला विचारून ठेवायचंय.