शिडाच्या नावेला इंजिन

वैनगंगेवर आमची नाव होती, युरियाची पोती शिवून केलेल्या शिडाची. वारा पडला की भाऊ आणि मी वल्ही मारून हाताला फोड आणायचो. मला त्या शिडाचा भारी राग. शेवटी मीच भावाच्या मागे भुणभुण लावली, की शेतावरचं जुनं डिझेल इंजिन मिळतंय, ते बसवू. वारा असला तर शीड, नसला तर इंजिन. तो तयार होईना. "कान जातीन," एवढंच म्हणाला.

आमच्याकडे नाव कानावर चालायची. पल्याडच्या काठावरून माणूस हाक मारायचा, सुकाणूवरचा उलटी हाक द्यायचा, मग तो माणूस निवांत बसायचा. हाक चुकणं ही नावाड्याला लाज. मी म्हणालो, तुझे कान गेले तर माझे डोळे आहेत ना, मी पुढं बसून काठ बघतो. त्यावर तो कबूल झाला.

चंद्रपूरच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांनी दांडा नि पंखा जोडून दिला. पहिल्याच दिवशी वारा नव्हता आणि इंजिन धडधडत सुरू झालं. अर्धं गाव काठावर बघायला, मी तर हवेतच होतो. दुसऱ्या फेरीला पल्याड मोहाच्या झाडाखाली हिरवं लुगडं दिसलं, हात हलवणारं. असेल कोणी उतारू, बसेल थोडा वेळ, असं वाटलं. मी भावाला खूण केली नाही. आणखी दोन फेऱ्या गावाच्याच काठानं मारल्या, नुसत्या मिरवायला.

ती वहिनी होती. माहेरी ताप भरला म्हणून तिकडचं कोणी तिला सायकलवर आणून सोडून गेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती उन्हात आडवी पडली होती, ओळखतही नव्हती. मलेरिया डोक्यात चढलेला. तिसऱ्या दिवशी ती दवाखान्यातच वारली. थोडी आधी आणली असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांना विचारायची माझी छाती झाली नाही.

तेरवी झाल्यावर मी म्हणालो, इंजिन विकून टाकू. भाऊ फाटलेलं जाळं सांधत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"इंजिनाचा काय दोष? तिनं हाक मारलीच असन, मलेच ऐकू नाई आली. तुले दिसली असती तर तू सांगतलंच असतं."

मी हो म्हणालो.