थांबून बघणारे डॉक्टर

माझी पाच वर्षांची लेक झोक्यावरून डोक्यावर पडली, तेव्हा कडेगावच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन लिहून दिला. सांगलीच्या सेंटरमध्ये एक वयस्कर डॉक्टर बाहेर आले. तिला मशीनकडे न नेता ते तिच्यासमोर उकिडवे बसले, तळवे चोळून गरम केले आणि मग टेंगूळ चाचपलं. उलटी झाली का, शुद्ध हरपली का, सगळं विचारलं. तिला लंगडी घालायला लावली.

"आवं डाक्टर, फोटू काढा की लवकर," मी म्हणाले.

"मशीन कुठं पळून जात नाही, ताई. गरज वाटली तर लगेच काढू. पण लहान जिवात एकदा गेलेले किरण मला परत काढता येत नाहीत."

त्यांनी कडेगावच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून आम्हाला तिथंच बसवून घेतलं. दर अर्ध्या तासानं येऊन ते तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघत. संध्याकाळी म्हणाले, "आता घरी न्या. उलटी झाली तर मात्र लगेच या."

एवढ्या लांब येऊन स्कॅन केला नाही म्हणून एसटीत मी नवऱ्यापाशी कुरकुरत होते. लेक आता सातवीत आहे. त्या डॉक्टरांचे आभार मानायचे राहिले, ते राहिलेच.