झुलालनानांचं पाणी पाहणं

झुलालनाना पाणी पाहायचे. साक्रीकडच्या खेड्यांत विहीर खणायची म्हटलं की त्यांनाच बोलावणं. आडवा नारळ तळहातावर ठेवून ते अनवाणी शेत चालत. खाली पाणी असलं की नारळ आपोआप उभा राही. पुढे पुढे लोक त्यांना बैल पाहायला, घराची जागा पाहायला, सून पाहायलासुद्धा नेऊ लागले. जमिनीखालचं दिसतं त्या माणसाला वरचं का नाही दिसणार!

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात बोलावणं आलं ते लेकीच्या सासरहून, पिंपळनेरजवळून. लग्नाला दोन वर्षं होऊनही सुनंदाला मूल नव्हतं. मूल होईपर्यंत बापानं लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून नाना तहानलेलेच शेतात उतरले.

उभं-आडवं सगळं शेत चालून झालं. नारळ निजलेलाच.

"नाना, बठ्ठा गावले पानी दखाडतस, आन् लेकना वावरमा नारळ निजी गया का?" व्याही जीवराम हसले.

विहीण हसली नाही. "जसा सूनना पायगुन, तसा बापना हात. पानी नई लागनं ते पोऱ्यासाठे दुसरी बायको दखसू मी."

सुनंदा बांधावर उभी होती. ती बापाच्या हाताकडे पाहत होती.

नानांनी मनगट किंचित फिरवलं. नारळ उभा राहिला. तिथंच खुंटी ठोकली गेली.

महिनाभरानं ते विहीर पाहायला आले. खोल गेली होती, पण ओलीचा वाससुद्धा नव्हता. कडेचा मुरूम बोट लावताच सुटत होता. जावई गिरधर भाकर खाऊन पुन्हा उतरायच्या तयारीत होता.

"नाना, आजून किती?"

इथं काही नाही, बुजवून टाका, असं नानांच्या अगदी ओठावर आलं. विहीण सुनेकडे पाहत होती. सुनंदाची मान खाली.

"आजून पुरुसभर खोल," नाना म्हणाले. "पानी शे."

गिरधर हातावर थुंकला आणि दोराला धरून उतरू लागला. त्याच्या मागोमाग मुरूम बारीक धारेनं खाली गळत राहिला. काठावर दोर धरून सालदार उभा होता. नानांनी त्याला बाजूला सारलं आणि दोर आपल्या कमरेला दोन वेढे देऊन बांधला.